पृथ्वीची पैसेवारी

वैशाखातील एखाद्या दुपारी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बदनापुरास उतरावे आणि निंबाच्या सावलीत टेकलेल्या चार म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उन्हाचा विषय निघालेला असावा, हा योग मुळीच दुर्मीळ नाही. “अवंदासारखं ऊन आम्ही पाह्यलंच न्हाई,” असे एकजण म्हणतो; त्यावर दुसरा बहात्तरच्या दुष्काळाचा दाखला काढून विचारतो, “मग त्या साली काय कमी तापलं होतं का?” दोघेही खरे बोलत असतात, दोघांनीही उभा जन्म याच काळ्या रानात उन्हातान्हात काढलेला असतो, आणि तरीही त्या वादाचा निकाल लागत नाही, कारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे ऊन आणि आजचे ऊन शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची शक्ती माणसाच्या कातडीला नाही. तेव्हा अंगात रग होती, आज उतारवय आहे. तेव्हा घर मातीच्या धाब्याचे होते, आज पत्र्याचे किंवा सिमेंटचे आहे. तेव्हा पंख्याची सवय नव्हती, आज वीज गेली की जीव कासावीस होतो. स्मृतीच्या दप्तरात उन्हाची नोंद होते ती आठवणीची म्हणून होते, अंशांची म्हणून होत नाही.

हाच वाद निंबाच्या पारावरून उचलून साऱ्या पृथ्वीच्या पारावर नेला, की आपण आजच्या विषयापाशी येऊन ठेपतो. जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले, की २०२४ या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळातील सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते आणि या अंकात सुमारे ०.१३ अंशाची चूकभूल संभवते. वर्तमानपत्रांनी हा आकडा छापला, लोकांनी वाचला, आणि पुष्कळांच्या मनात एक अगदी रास्त शंका उभी राहिली. एकाच दिवशी बदनापुरात बेचाळीस अंश, महाबळेश्वरी तीस आणि सायबेरियात गोठणबिंदूच्या आसपास पारा असतो. अशा पृथ्वीची सरासरी काढायची तरी कशी, आणि काढली तरी तिच्यातील दीड अंशाचा फरक विश्वास ठेवण्याजोगा कसा मानायचा? शंका घेणाऱ्याला अडाणी म्हणून वाटेला लावणे मला मान्य नाही. शंका नेमकी आहे, आणि तिचे उत्तर आपल्या महसुली व्यवहारातच सापडण्यासारखे आहे.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला पैसेवारी समजावून सांगावी लागत नाही. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर पैसे आले तसा तो शब्दही बदलला, पण तत्त्व तेच राहिले. गावातील पीक किती आले हे क्विंटलांत सांगून सरकारचे समाधान होत नाही. त्या गावात त्या पिकाचे जे प्रमाण उत्पन्न मानलेले असते, त्याच्याशी यंदाचे उत्पन्न ताडून पाहिले जाते, आणि ते प्रमाण पैशांत मांडले जाते. ते पन्नास पैशांच्या खाली उतरले, की टंचाईच्या सवलतींचा विचार सुरू होतो. या पद्धतीतील शहाणपण असे, की बदनापूरच्या कोरडवाहू तुरीची तुलना कोल्हापूरच्या बागायती उसाशी कोणी करीत नाही, आणि माळावरच्या मुरमाड गावाची तुलना नदीकाठच्या गाळपेरीशीही करीत नाही. प्रत्येक गावाला त्याच्या स्वतःच्या मापाने मोजायचे, आणि मग गावोगावची प्रमाणे एकत्र करून तालुक्याची, जिल्ह्याची स्थिती ठरवायची, असा तो शिरस्ता आहे.

पृथ्वीच्या तापमानाचा हिशेबही नेमका याच शिरस्त्याने होतो. शास्त्रज्ञ त्याला विचलन म्हणतात. एखाद्या ठिकाणी एखाद्या महिन्यात तीस वर्षांत मिळून सरासरी जे तापमान असते ते त्या ठिकाणचे प्रमाण, आणि यंदाचे तापमान त्या प्रमाणापासून किती वर वा किती खाली गेले ते विचलन. जगाची सरासरी काढतात ती या विचलनांची. पृथ्वीचे निव्वळ सरासरी तापमान १९६१ ते १९९० या काळात १४ अंशांच्या आसपास होते असे सांगतात, परंतु त्या चौदाच्या अंकात अर्ध्या अंशाची शंका आहे, आणि तज्ज्ञ मंडळी त्यावर फारसे वजन टाकीत नाहीत. फरकाचा अंक मात्र त्याहून कितीतरी अधिक खात्रीने सांगता येतो.

असे का, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, मे महिन्याचे प्रमाण बदनापुरास ३३ अंश आहे आणि महाबळेश्वरास २२ अंश. दोन्ही मिळून सरासरी साडेसत्तावीस. आता समजा, एका वर्षी बदनापुरास ३३.९ अंश भरले, महाबळेश्वरास २२.८ भरले, पण महाबळेश्वरचे टिपण काही कारणाने गहाळ झाले. निव्वळ तापमानांची सरासरी काढणाऱ्याच्या वहीत त्या वर्षी ३३.९ हा एकच अंक उरेल आणि जग एका वर्षात सहा अंशांहून अधिक तापले असा भलताच निष्कर्ष निघेल. विचलनांची सरासरी काढणाऱ्याच्या वहीत दोन्ही टिपणे असती तर ०.८५ आले असते, एक गहाळ झाल्यामुळे ०.९ आले, बिघाड झाला तो अवघ्या पाच शतांशांचा. एक ठिकाण डोंगरावर आणि दुसरे पठारावर असले, तरी उष्णतेची लाट दोघांनाही थोडीफार सारखीच वर उचलते. ही सोबत बरीच दूरवर टिकते. अमेरिकेतील जेम्स हॅन्सन आणि सर्गेई लेबेडेफ यांनी १९८७ साली दाखवून दिले, की वार्षिक विचलनांचा हा परस्परसंबंध मध्यम आणि उच्च अक्षांशांत हजार-बाराशे किलोमीटरपर्यंत चांगला राहतो. विषुववृत्ताकडे तो काहीसा क्षीण होतो. म्हणूनच पृथ्वीची नाडी पाहण्यासाठी प्रत्येक शेताच्या बांधावर तापमापक लावण्याची गरज पडत नाही.

पण प्रत्येक अंक प्रथम कुठेतरी, कोणीतरी, डोळ्यांनी वाचलेला असतो. तो प्रसंग जवळून पाहण्याजोगा आहे. बदनापुरात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. लवकर हाती येणारा ‘बीडीएन ७११’ हा तुरीचा वाण याच केंद्राचा, आणि बीडीएन ही अक्षरे बदनापूरचीच. देशभरातील शेतकी संशोधनाच्या आवारांत हवामानाच्या नोंदीसाठी जी जागा राखून ठेवतात, ती एका साच्याची असते: तारेच्या कुंपणाचा मोकळा, सपाट तुकडा, त्यात पर्जन्यमापक, वाऱ्याचे यंत्र, बाष्पीभवनाचे पात्र, जमिनीत पुरलेले तापमापक, आणि मध्यभागी चार पायांवर उभी केलेली एक पांढरी लाकडी पेटी. हिला स्टीव्हनसनची पेटी म्हणतात. दीपस्तंभ बांधणाऱ्या घराण्यातील टॉमस स्टीव्हनसन या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती योजिली. तिच्या चारी बाजूंना तिरप्या झडपा असतात, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन आत शिरत नाही. रंग पांढरा असतो, म्हणजे तापत नाही. दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचताना सूर्यकिरण तापमापकावर पडत नाहीत. आणि तापमापकांचे फुगे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर येतात, म्हणजे मातीची धग थेट लागत नाही. आपण ज्याला तापमान म्हणतो ते उन्हाचे नव्हे, सावलीतल्या हवेचे. आणि पेटी ही त्या सावलीची जगभर एकसारखी केलेली व्याख्या आहे.

पेटीत चार तापमापक असतात. एक कोरडा, एक ओल्या मलमलीने फुगा गुंडाळलेला, एक कमालीचा आणि एक किमानीचा. कमाल तापमापकात ताप पाहण्याच्या नळीप्रमाणे पाऱ्याच्या वाटेवर एक चिमटा असतो; पारा वर चढतो पण आपोआप खाली येत नाही, म्हणून दिवसभरातील सर्वांत चढलेली रेघ तशीच टिकून राहते. किमान तापमापकात मद्यार्क असतो आणि त्यात बुडालेली एक बारीक काडी. पहाटे मद्यार्क आकसत जातो तशी ती काडी मागे ओढली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. निरीक्षक ठरलेल्या वेळी येतो, दार उघडतो, डोळा नेमका पाऱ्याच्या पातळीवर आणतो, कारण डोळा वर-खाली असला तर अंक खोटा वाचला जातो. त्याला शिकविलेले असते, की अंशाचा दशांश आधी वाचावा आणि पूर्ण अंक मागाहून. कारण त्याच्या स्वतःच्या अंगाच्या उष्णतेने काही क्षणांत दशांश हलू लागतो, पूर्ण अंक सहसा हलत नाही. मग तो वहीत लिहितो, कमाल तापमापक झटकून पूर्ववत करतो, किमानीची काडी जागेवर आणतो, आणि दार लावतो. कमाल आणि किमान यांची बेरीज करून निम्मी केली, की त्या दिवसाची सरासरी. जगाच्या तापमानाची सगळी इमारत या दोन मिनिटांच्या कामावर उभी आहे, आणि हे काम रविवारी, दिवाळीला आणि घरात लग्नकार्य असतानाही चुकवायचे नसते.

आपल्या मुलखात ही शिस्त जुनी आहे. मुंबईतील कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय व हवामानविषयक नोंदींचा क्रम सुरू झाला. तेथे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे हा कोवळ्या वयाचा मुलगा होता, जो पुढे केरूनाना या नावाने महाराष्ट्राचा गणितगुरू झाला. हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले, आणि १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. आजही देशभरच्या जुन्या नोंदींचे राष्ट्रीय भांडार पुण्यातच आहे. खाते पुण्यास आले तेव्हा बदनापूर मात्र निजामाच्या राज्यात होते.

कुलाब्याच्या इतिहासातील एक गोष्ट मला या विषयात सर्वांत बोलकी वाटते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ते काम अलिबागेस हलविण्याची तजवीज केली. अलिबागेस १९०४ मध्ये यंत्रे सुरू झाली, पण कुलाब्याची यंत्रे त्यांनी तत्काळ बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. म्हणजे जुन्या जागेचा अंक आणि नव्या जागेचा अंक यांच्यात किती अंतर पडते हे कळले, आणि साठ-पासष्ट वर्षांची अखंड माळ तुटली नाही. नोंद चुंबकत्वाची असो की उष्णतेची, जागा बदलताना हे पथ्य पाळले नाही तर पुढच्या पिढ्यांना केवळ अंदाजावर काम करावे लागते.

आणि पुष्कळ ठिकाणी हे पथ्य पाळले गेलेले नाही. पेटी गावातून विमानतळावर गेली, मैदानाच्या कडेला इमारत उभी राहिली, पाऱ्याच्या जागी विजेवर चालणारे संवेदक आले, नोंदीची वेळ संध्याकाळऐवजी सकाळची झाली. वेळेच्या बदलाने काय बिघडते हे सहज लक्षात येत नाही. समजा, कडक उन्हाच्या दिवशी सायंकाळी पाच वाजता कमाल तापमापक पूर्ववत केला. त्या क्षणीही हवा तापलेलीच असते, म्हणून पारा चाळिसाच्या आसपासच थांबतो. दुसऱ्या दिवशी आभाळ आले आणि पारा पस्तिशीपलीकडे चढला नाही, तरी त्या दिवसाच्या खात्यावर आदल्या सायंकाळचे चाळीस अंश जमा होतात. एकच उष्ण दुपार दोनदा मोजली जाते. अमेरिकेत हजारो स्वयंसेवक निरीक्षकांनी विसाव्या शतकात आपली वेळ सायंकाळवरून सकाळवर आणली, तेव्हा त्या देशाचे तापमान कागदोपत्री खोटेच उतरलेले दिसू लागले आणि मागाहून ते दुरुस्त करावे लागले.

या दुरुस्त्यांवरच पुष्कळांचा रोष असतो. शास्त्रज्ञ आकडे फिरवितात असा तो आक्षेप. आपल्याकडचे एक उदाहरण घेऊन त्याचा विचार करावा. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा निघाला. आता कोणी औरंगाबाद जिल्ह्याची १९८० ची लोकसंख्या आणि १९८२ ची लोकसंख्या शेजारी मांडून, दोन वर्षांत लाखो माणसे नाहीशी झाली असा डंका पिटू लागला, तर आपण त्याला हद्द बदलल्याची आठवण देऊ, आणि दोन्ही वर्षांचा हिशेब एकाच हद्दीत बसवून घेऊ. यात लबाडी कसली? न बसविणे हीच दिशाभूल होईल. तापमानाच्या नोंदीतही, एखाद्या ठिकाणचा अंक एका तारखेपासून अकस्मात वर किंवा खाली सरकला आणि आजूबाजूच्या दहा ठिकाणी तसे काही घडलेले नसले, तर हवामान बदललेले नसून पेटीची हद्द बदललेली आहे असे समजतात, शेजाऱ्यांच्या साक्षीने खातरजमा करतात आणि तेवढा फरक काढून टाकतात. शहरातल्या सिमेंटची धग अशीच खेड्यांच्या नोंदींशी ताडून वजा केली जाते. आणि येथे एक वस्तुस्थिती मुद्दाम सांगितली पाहिजे: सगळ्या जगाच्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र केल्या, तर त्यांनी तापमानवाढीचा अंक वाढत नाही, उलट थोडा कमी होतो. कारण सर्वांत मोठी दुरुस्ती समुद्राची आहे.

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, आणि तेथे पांढरी पेटी उभी करता येत नाही. ब्रुसेल्स येथे १८५३ साली भरलेल्या परिषदेपासून जहाजांनी समुद्राच्या पाण्याचे तापमान ठराविक रीतीने टिपावे असा प्रघात पडला. खलाशी दोरीला बादली बांधून समुद्रात सोडीत, पाणी वर ओढीत आणि त्यात तापमापक बुडवीत; मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर आपल्या कोकणपट्टीचे खलाशीही पुष्कळ असत. बादली आधी लाकडाची होती, पुढे किंतानी कापडाची आली. कापडाच्या बादलीतून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याचे बाष्पीभवन होते, आणि डेक गाठेपर्यंत पाणी थंड होते. आपल्या माठात पाणी गार होते त्याच न्यायाने. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावणे म्हणजे शत्रूला बोलावणे होते, म्हणून पुष्कळ जहाजे इंजिनाच्या आत येणाऱ्या पाण्याचेच तापमान टिपू लागली, आणि ते किंचित ऊनच असे. युद्ध संपले, बादल्या परत आल्या, आणि १९४५ च्या सुमारास सगळे समुद्र एकाएकी थंड झाल्याचा भास नोंदींत उमटला. तो भास आहे हे ध्यानात येण्यास २००८ साल उजाडावे लागले. माठासारख्या बादल्यांनी जुने अंक खाली ओढलेले होते; ते वर उचलले की जुने जग थोडे उबदार ठरते आणि आजवरची वाढ थोडी कमी भरते. आता समुद्रात सुमारे चार हजार स्वयंचलित तरंडे दोन किलोमीटर खोल बुडी मारून वर येतात आणि उपग्रहांना आपला अहवाल देतात; त्यांतील भारताच्या वाट्याचे काम हैदराबादच्या महासागर माहिती केंद्रातून चालते.

इतके सगळे जमल्यावर प्रश्न उरतो वजनाचा. युरोपात तापमापकांची दाटी आणि आफ्रिकेत दुर्भिक्ष; मग सर्वांना सारखा मान दिला तर सरासरी युरोपचीच होईल. म्हणून पृथ्वीवर अक्षांश-रेखांशांच्या चौकटी आखतात. एका प्रसिद्ध पद्धतीत चौकट पाच अंशांची असते, आणि अशा चौकटी २५९२ होतात. विषुववृत्तावरील चौकट सुमारे ३ लाख ९ हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढी. ध्रुवांकडे त्या निमुळत्या होत जातात, आणि त्या मानाने त्यांचे वजन कमी धरतात. चौकटीत एक तापमापक असो की शंभर, चौकटीचा आवाज एकच. बदनापूर विसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली आणि पंचाहत्तराव्या रेखांशाच्या किंचित पूर्वेस असल्यामुळे ते १५ ते २० अक्षांश आणि ७५ ते ८० रेखांश या चौकटीच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात बसते. त्याच चौकटीत सोलापूर, लातूर, परभणी, नांदेड, बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि हैदराबाद येतात. पुणे येत नाही, नागपूर येत नाही. जुन्या निजामी मुलखाचा बराचसा नकाशाच, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, पृथ्वीच्या तापमानाच्या हिशेबात पुन्हा एकत्र आलेला आहे, हे पाहून माझ्यासारख्या मराठवाड्यातील माणसाला मोठा अचंबा वाटतो.

हा हिशेब मांडण्याचे धाडस पूर्वीही झाले होते. गाय कॅलेंडर नावाच्या इंग्रज वाफ-अभियंत्याने १९३८ साली जगभरच्या नोंदी हाताने जुळवून सांगितले, की मागील अर्धशतकात पृथ्वी दरवर्षी सुमारे ०.००५ अंशाने तापत आली आहे, आणि त्याचा संबंध त्याने कोळशाच्या धुराशी जोडला. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील हिंगणे, रूपकुमार आणि रमणमूर्ती यांनी १९८५ मध्ये भारतातील ७३ ठिकाणांच्या १९०१ ते १९८२ पर्यंतच्या नोंदी तपासून, या आठ दशकांत देश सुमारे ०.४ अंशाने तापल्याचे दाखविले. त्या काळी असे सांगणे सोपे नव्हते, आणि त्यांच्या कामाची जितकी ओळख मराठी वाचकांस असावयास हवी तितकी नाही.

आता तुलनेतील सर्वांत मोठ्या घोटाळ्याकडे वळतो, आणि वाचकाने येथे क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. भारतात २०१६ हे वर्ष किती उष्ण होते? हवामान खात्याने ते वर्ष संपल्यावर सांगितले, की सरासरीपेक्षा ०.९१ अंशाने. काही वर्षांनी त्याच खात्याच्या पत्रकात त्याच वर्षापुढे ०.७१ आले, आणि अलीकडील पत्रकांत ०.५४ आहे. वर्ष एक, देश एक, खाते एक, आणि अंक तीन. वरवर पाहणाऱ्यास वाटेल की २०१६ साल मागे वळून थंड करण्यात आले. खरी गोष्ट अशी, की पहिला अंक १९६१–१९९० च्या सरासरीशी, दुसरा १९८१–२०१० शी आणि तिसरा १९९१–२०२० शी ताडलेला आहे. पैसेवारीच्या भाषेत बोलायचे तर पीक तेच आहे, प्रमाण उत्पन्न बदलले. आणि प्रमाण तरी का बदलले? कारण प्रत्येक नवे त्रिदशक आधीच्यापेक्षा तापलेले निघाले. ज्या अंकावरून तापमानवाढ कमी झाल्यासारखी दिसते, तोच अंक तापमानवाढीचा पुरावा आहे. खात्याच्याच हिशेबाने २०२४ हे वर्ष १९९१–२०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने उष्ण, म्हणजे १९०१ पासूनचे भारतातील सर्वांत उष्ण ठरले. जागतिक संघटना १८५०–१९०० शी तुलना करते, अमेरिकेची नासा १९५१–१९८० शी करते. म्हणून तापमानवाढीचा अंक कानी पडला, की पहिला प्रश्न ‘कशापेक्षा?’ हा विचारावा. ज्याने हे सांगितले नाही, त्याने अर्धीच बातमी दिली असे समजावे.

आता काळ पाऱ्याकडून यंत्राकडे सरकला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. राज्यात ती दोन हजारांहून अधिक आहेत. आमच्या जालन्याच्या मोसंबी-बागायतदाराला फळपीक विम्याची भरपाई मिळते किंवा नाकारली जाते ती याच केंद्रांच्या अंकांवर. तापमान ठरलेल्या मर्यादेवर इतके दिवस राहिले की नाही, हे तेथील नोंद ठरविते. आमच्याकडच्या दाभाडी-रोषणगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तापमापकाचा अर्धा अंश म्हणजे खात्यावर पैसे जमा होणे किंवा न होणे.

यंत्र खोटे बोलत नाही, ही समजूत मात्र सोडून द्यावी. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा अंक दाखविला, आणि तो वाऱ्यासारखा सर्वत्र पसरला. शेजारच्या काही केंद्रांनी त्याला साक्ष दिली नाही. हवामान खात्याने तो अंक यंत्रातील बिघाडाचा म्हणून बाद ठरविला. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखविले होते, आणि तेथेही पडताळणीत संवेदक सुमारे तीन अंशांनी अधिक दाखवितो असे निष्पन्न झाले. हे अंक मोठ्या अक्षरांत छापले गेले. बाद झाल्याची वार्ता कोपऱ्यात गेली. मला यात दिलासा वाटतो, कारण तापमानवाढ सांगणारेच सर्वांत मोठा, सर्वांत खळबळजनक अंक स्वतःच्या हाताने खोडून टाकतात, ही त्या शास्त्राच्या इमानाची खूण आहे.

निंबाच्या सावलीतील त्या दोघांच्या वादाचा निकाल असा, की दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. बहात्तरसारखे एखादे वर्ष पूर्वीही तापले असेल. एका वर्षावरून, एका गावावरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु शेकडो गावांच्या, शंभराहून अधिक वर्षांच्या, एकाच मापाने मोजलेल्या नोंदींत भारत शतकाला सुमारे ०.६८ अंश या गतीने वर चढताना दिसतो, आणि त्या नोंदीपुढे आठवणीची साक्ष, ती कितीही प्रामाणिक असो, टिकत नाही.

तेव्हा बदनापूर तालुक्यातील आणि कोठल्याही तालुक्यातील वाचकास एक विनंती आहे. आपल्या मंडळातील हवामान केंद्र कोठे उभे आहे ते एकदा जाऊन पाहा. त्याच्या अंगाला पत्र्याची शेड, कडब्याची गंजी, विटांची भट्टी किंवा दाट झाड आलेले दिसले, कुंपण मोडलेले दिसले, वा ते एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविलेले आढळले, तर तारीख घालून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी कळवा, आणि त्या अर्जाची पोच घ्या. पन्नास वर्षांनी त्या केंद्राची नोंद दुरुस्त करणाऱ्यास त्या तारखेची गरज पडणार आहे.